भीतीचे पंचवीस चौकोन

बारामती एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या कारखान्यात पाऊल टाकलंत की आधी गेटवर नोंद होते, मग डोक्यावर हेल्मेट येतं आणि शॉप फ्लोअरकडे जाताना भिंतीवर बहुधा एक रंगीत तक्ता दिसतो. पाच आडव्या ओळी, पाच उभे रकाने, पंचवीस चौकोन. खालचा डावा कोपरा हिरवा, मधून तिरका जाणारा पट्टा पिवळा, वरचा उजवा कोपरा लालभडक. कामगार रोज त्याच्यासमोरून जातात आणि सवयीने त्याच्याकडे बघत नाहीत. मला मात्र तो दिसला की थांबावंसंच वाटतं. त्या कारखान्याला कशाकशाची भीती वाटते आणि किती वाटते, हे माणसांनी तिथे एकत्र बसून आकड्यांत लिहून ठेवलेलं असतं.

हे किती अवघड आहे, ते बारामतीतच नीट कळतं. भारत फोर्जसारख्या कारखान्यात पोलाद बाराशे अंशांच्या आसपास तापवून ठोकतात. त्याच औद्योगिक पट्ट्यात श्रायबर डायनामिक्सच्या डेअरीत दूध चार अंशांच्या आसपास जपायचं असतं. पियाजिओत तीनचाकी गाड्या जुळतात, फेरेरोत मुलांचा खाऊ बनतो. एका ठिकाणी लालबुंद लोखंड, दुसरीकडे दुधाच्या थंडाव्यासाठी लागणारा अमोनिया, तिसरीकडे मालाच्या गल्लीतून मागे येणारी फोर्कलिफ्ट, चौथीकडे जिन्याच्या पायरीवर सांडलेलं तेल. यातलं आधी काय दुरुस्त करायचं? पैसे, माणसं आणि दिवसाचे तास ठरलेले असतात. तेल रोज सांडतं. अमोनिया कदाचित वीस वर्षांत एकदाही सुटणार नाही. तेलावरून कुणी घसरला तर हात मोडेल. अमोनिया सुटला तर शेजारच्या वस्तीपर्यंत पळापळ होईल. दोन्ही भीती एकाच तराजूत घालायच्या कशा?

भिंतीवरचा तक्ता हाच तो तराजू. कारखान्यात त्यामागच्या सगळ्या कामाला ‘हायरा’ म्हणतात. धोका शोधायचा आणि त्याची जोखीम ठरवायची, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. हायरा करताना प्रत्येक धोक्याला दोनच प्रश्न विचारायचे. हे घडण्याची शक्यता किती? घडलंच तर नुकसान किती? शक्यतेला एक ते पाच: ‘कधी ऐकलं नाही’ म्हणजे एक, ‘दर आठवड्याला होतं’ म्हणजे पाच. नुकसानीलाही एक ते पाच: मलमपट्टीवर भागलं तर एक, जीव गेला तर पाच. दोन्हींचा गुणाकार करायचा. पंचवीस आले तर यंत्र बंद. दोन आले तर रजिस्टरात नोंद करून पुढे.

आता हे इतकं साधं वाटतं की कुणीतरी ते शोधून काढलं असेल, असं मनातही येत नाही. पण भीतीला दोन भाग असतात आणि ते एकमेकांपासून सुटे करता येतात, हा विचार माणसाला फार उशिरा सुचला. १६६२ साली पॅरिसमध्ये तर्कशास्त्राचं एक पुस्तक छापलं गेलं. आन्त्वान आर्नो आणि पिएर निकोल हे त्याचे लेखक. ‘पोर-रॉयाल’चं तर्कशास्त्र म्हणून ते ओळखलं जातं. त्याच्या शेवटच्या भागात ते म्हणतात की संकटाची भीती नुसत्या संकटाच्या आकाराएवढी असू नये, ते येण्याच्या शक्यतेच्याही प्रमाणात असावी. उदाहरण घेतलंय ढगांच्या गडगडाटाचं. गडगडाट ऐकून थरथर कापणारी माणसं मरणाच्या आकाराला घाबरतात, वीज अंगावर पडून मरणारे किती थोडे हे मोजत नाहीत.

त्याच १६६२ मध्ये पुण्यात लाल महालात शाइस्तेखान तळ ठोकून होता आणि आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे हे भोसल्यांच्या जहागिरीतलं नाव होतं. हे साल मी मुद्दाम आपल्या मातीत रोवून बघतो, म्हणजे अंतर कळतं. त्याआधी हजारो वर्षं माणसं जोखीम पत्करत होती, समुद्रावर गलबतं घालत होती, पावसाच्या भरवशावर पेरत होती. अंदाज तर सगळ्यांनाच होता. इंदापूरचा शेतकरीही मनात हाच हिशेब मांडतो: ऊस लावला तर मिळकत ठरलेली आणि झोप शांत, डाळिंब लावलं तर पैसा मोठा, पण तेल्या रोग आला तर बाग गेली. फक्त ‘किती वेळा’ आणि ‘किती मोठं’ या दोन गोष्टी वेगळ्या काढून, वेगळ्या मोजून पुन्हा एकत्र आणायच्या, हे कुणी शब्दांत मांडलं नव्हतं.

शब्दांपासून चौकोनांपर्यंत यायला आणखी तीनशे वर्षं लागली. अमेरिकी लष्कराने जुलै १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरला त्याच महिन्यात, यंत्रणांच्या सुरक्षिततेसाठी एक मानक काढलं: मिल-एसटीडी-८८२. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांतून नुकसानीच्या चार पायऱ्या आणि शक्यतेच्या पाच-सहा पायऱ्या यांचं कोष्टक जगभर पसरलं. तेल कंपन्यांनी ते घेतलं, विमानवाल्यांनी घेतलं, इस्पितळांनी घेतलं आणि एक दिवस ते भिगवण रस्त्यावरून आपल्याकडे येऊन भिंतीवर चिकटलं.

त्या लष्करी कोष्टकातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. त्यांनी नुकसानीला आकडे दिले, पण शक्यतेला अक्षरं दिली. तिथे धोका ‘१-सी’ असतो किंवा ‘३-ए’ असतो. आकडा आणि अक्षर यांचा गुणाकार करायला कुणाचाच हात वळत नाही. चौकोनात बोट ठेवायचं आणि तिथे काय लिहिलंय ते वाचायचं. पुढे कोष्टक घेणाऱ्या पुष्कळांनी अक्षरांच्या जागी आकडे घातले, कारण आकडे एक्सेलमध्ये पटकन गुणता येतात. तिथून एक गमतीदार आणि तितकाच गंभीर घोळ सुरू झाला.

तो पाहायला कागद-पेन्सिल पुरते. शक्यतेच्या पायऱ्या मनात मांडा: शंभर वर्षांत एकदा, दहा वर्षांत एकदा, वर्षात एकदा, महिन्यात एकदा, आठवड्यात दोन-तीनदा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या साधारण दहापट आहे. नुकसानीचंही तसंच धरा: दहा हजार, लाख, दहा लाख, कोटी, दहा कोटी. इथेही दर पायरीला दहापट. म्हणजे आपण ज्याला ‘पाच’ म्हणतो तो ‘एक’च्या पाचपट नसतो, दहा हजारपट असतो.

आता दोन धोके घ्या. पहिला अगदी नेहमीचा पण किरकोळ: शक्यता पाच, नुकसान एक. दुसरा मधला: शक्यता तीन, नुकसान तीन. पहिला आठवड्याला दोन-तीनदा, दर वेळी दहा हजार, म्हणजे वर्षाला दहा ते पंधरा लाख. दुसरा वर्षात एकदा, दहा लाख. दोन्हींचा वार्षिक फटका जवळजवळ सारखाच. तिसरा धोका घ्या: शक्यता एक, नुकसान पाच. शंभर वर्षांत एकदा, दहा कोटी. सरासरी काढली तर वर्षाला पुन्हा दहा लाखच! तिन्ही धोके एका तोलाचे. आणि गुणाकार काय सांगतो? पाच एके पाच. तीन त्रिक नऊ. एक पंचे पाच.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तोच हिशेब तीन वेळा करून पाहिला होता. मधला धोका उगाच मोठा दिसतो आणि दोन टोकं खाली ढकलली जातात. त्यातलं एक टोक किरकोळ खरचटण्याचं आहे, ते गेलं तरी चालेल. दुसरं टोक मात्र सगळ्यात भयंकर आहे: क्वचित घडणारं आणि घडलं तर सगळं नेणारं. अमोनियाची टाकी, बॉयलर, साठवलेलं ज्वालाग्राही रसायन. ज्या कोपऱ्याकडे नजर जावी म्हणून एवढा खटाटोप, त्याच कोपऱ्याला गुणाकार हिरवा रंग देतो.

यावरचा इलाज शाळेत शिकवलेला आहे. पायऱ्या दहापटीच्या असतील तर त्यांचे क्रमांक गुणायचे नसतात, मिळवायचे असतात. पाच अधिक एक सहा, तीन अधिक तीन सहा, एक अधिक पाच सहा. तिन्ही सारखे! लॉगॅरिथमच्या तक्त्यांनी आपल्या आजोबांच्या पिढीला गुणाकाराऐवजी बेरीज करून दिली, तीच ही युक्ती. आणि बेरीज करून सारखे आलेले चौकोन कोष्टकावर बघितले तर ते एका सरळ तिरक्या रेषेत बसतात. त्या रंगीत पट्ट्याचा तिरकसपणा कुठून आला, ते तेव्हा लख्ख दिसतं. चांगल्या कारखान्यांनी यावर आपापली वाटही काढली आहे: नुकसान पाच असेल तर शक्यता कितीही लहान असो, तो धोका हिरव्यात जाऊ द्यायचाच नाही, असा नियम तक्त्याखाली लिहून ठेवतात. तो नियम लिहिणाऱ्याला लॉगॅरिथम आठवलं असेल-नसेल. त्याला अमोनियाची टाकी आठवलेली असते.

या कोष्टकाची आणखी एक विचित्र गोष्ट. एक ते पाचचा एक ते पाचशी गुणाकार केला तर चौकोन पंचवीस, पण उत्तरं चौदाच निघतात. सात कधी येत नाही. अकरा, तेरा, चौदा येत नाही. सतरा ते पंचवीसच्या दरम्यान फक्त वीस येतो. जगातला कुठलाही धोका या कारखान्यात सातचा असू शकत नाही! वाहन उद्योगात तर तीन आकडे गुणायचे: नुकसान, शक्यता आणि ‘दोष वेळेत पकडला जाईल का’ हा तिसरा, प्रत्येक एक ते दहा. एफएमईए नावाच्या पद्धतीत या गुणाकाराला आरपीएन म्हणतात. शक्य त्रिकुटं हजार, पण वेगळी उत्तरं फक्त एकशे वीस. हजारच्या खालचं पुढचं उत्तर थेट नऊशे. आणि साठ हा आकडा ‘ब्रेक निकामी होऊ शकतो, पण क्वचित’ यालाही मिळतो आणि ‘दारावरचा रंग जरा फिका पडतो, पुष्कळदा’ यालाही मिळू शकतो. पुरवठादार वर्षानुवर्षं ‘आरपीएन शंभरच्या आत आणा’ या एका वाक्याभोवती धावले. शेवटी २०१९ मध्ये अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योगांच्या संघटनांनी मिळून नवी पुस्तिका काढली आणि हा गुणाकार सोडून दिला. आता आधी नुकसान बघायचं, मग शक्यता, मग पकड. आणि तक्त्यातून ‘उच्च, मध्यम, कमी’ असा कृतीचा क्रम वाचायचा. सुट्या भागांच्या छोट्या शेडमध्ये काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरला या बदलामागे केवढं गणित आहे हे कुणी सांगितलं असेल, तर त्याचा तो दिवस आनंदाचा गेला असेल.

अमेरिकी संशोधक लुई अँथनी कॉक्स यांनी २००८ मध्ये या कोष्टकांवर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यातला मुद्दा मी माझ्या आकड्यांत सांगतो. समजा शक्यतेचे टप्पे वीस-वीस टक्क्यांचे आणि नुकसानीचे वीस-वीस लाखांचे. एक धोका: शक्यता ३९ टक्के, नुकसान ३९ लाख. दोन्ही दुसऱ्या टप्प्यात, गुणाकार चार. दुसरा धोका: शक्यता २१ टक्के, नुकसान ४१ लाख. टप्पा दोन आणि तीन, गुणाकार सहा. तक्ता म्हणतो, दुसरा मोठा. खरा हिशेब केला तर पहिल्याचा सरासरी फटका पंधरा लाखांवर जातो आणि दुसऱ्याचा साडेआठ लाखांच्या आसपास राहतो. चौकोनाच्या भिंती कुठे पडल्या, एवढ्यावर क्रम उलटा झाला. कॉक्स दाखवतात की ज्या धोक्यांत शक्यता वाढते तसं नुकसान घटतं, तिथे असं कोष्टक नाणेफेकीपेक्षाही वाईट सल्ला देऊ शकतं. आणि कारखान्यातले बहुतेक धोके नेमके तसेच असतात: बारीकसारीक नेहमी, मोठं क्वचित.

मग हा तक्ता फाडून टाकावा का? मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगण्यासाठी तिसऱ्या आकड्याकडे, ‘वेळेत कळेल का’ याकडे, पुन्हा जावं लागेल.

अमोनिया हा एका अर्थी प्रामाणिक वायू आहे. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे तीनशे भाग झाले की जिवाला धोका मानतात. पण नाकाला तो त्याच्या कितीतरी आधी झोंबतो. पंचवीस-पन्नास भागांतच माणूस तोंड फिरवतो. उणे तेहतीस अंशांवर उकळणारा हा वायू हवेपेक्षा हलका आहे, तरी मोठ्या गळतीत गारठलेलं पांढरं धुकं होऊन जमिनीलगत पसरतो. म्हणून डेअरीच्या छतावर वारा दाखवणारी कापडी नळी फडकत असते: पळायचं ते वाऱ्याला आडवं. पाण्यात तो भराभर विरघळतो, म्हणून पाण्याचा फवारा हाताशी ठेवतात. म्हणजे नुकसान पाच, शक्यता एक, पण ‘कळेल का’ या रकान्यात मन थोडं निवांत.

आता त्याच दुधाच्या मागे मागे उलट चालत जा. डेअरीतून टँकर, टँकरमागे गावातलं संकलन केंद्र, केंद्रामागे गोठा, गोठ्यामागे शेणाचा खड्डा. शेण कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. अगदी थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणून माणसाला वाटतं, वायू गेला. हवेपेक्षा जड असल्याने तो खड्ड्याच्या तळाशी साचून राहतो. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडज इथे अशाच शेणाच्या खड्ड्यात विषारी वायूने चौघांचा जीव घेतला. एक अडकला, त्याला काढायला दुसरा उतरला. अशा बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंचा अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने १९८६ मध्ये आढावा घेतला, तेव्हा मेलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले निघाले. जगात सगळीकडे माणूस माणसाला बुडताना, घुसमटताना पाहून थांबू शकत नाही. त्या प्रेमाचाच आकडा इतका मोठा आहे.

एकाच गाईच्या दुधापाशी आणि शेणापाशी हे दोन वायू उभे आहेत. एक ओरडून सांगतो, दुसरा नाकच बंद करतो. ओरडून सांगणाऱ्याभोवती सेन्सर, भोंगे, पाण्याचे फवारे आणि पंचवीस चौकोन आहेत. न सांगणाऱ्याभोवती गोठ्याचं कुडाचं फाटक आहे. कारखान्यात अशा टाकीत उतरायचं तर आधी परमिट लागतं, वायू मोजावा लागतो, कमरेला दोर आणि बाहेर एक माणूस लागतो, आणि त्या बाहेरच्या माणसाला एकच सक्त नियम असतो: काही झालं तरी आत उतरायचं नाही, ओरडायचं आणि दोर ओढायचा. हा नियम कुणाला सहज सुचलेला नाही. टेबलाभोवती बसून ‘आणि मग काय होईल?’ असं पुन्हा पुन्हा विचारल्यावरच तो सापडतो. कोष्टकाचं खरं काम मला तिथे दिसतं. आकडा चुकीचा निघेल, पण तो आकडा लिहिण्यासाठी पाच माणसांना एकमेकांशी बोलावं लागतं.

ते बोलणं ऐकण्यासारखं असतं. समजा पॉवर प्रेसची चर्चा चालली आहे. सेफ्टी ऑफिसर म्हणतो, शक्यता दोन. लाइट कर्टन आहे, हात आत गेला की प्रेस थांबते. मेंटेनन्सचा फिटर म्हणतो, तीन; तो सेन्सर धुळीने वरचेवर दगा देतो. प्रॉडक्शनचा सुपरवायझर गप्प. मग ऑपरेटर हळूच सांगतो की महिनाअखेरीला माल घाईचा असला की सेन्सरला जम्पर टाकून तो निकामी केलेला असतो. दोनाचे चार झाले! यंत्रात काहीच बदललेलं नाही. बदललं ते एवढंच, की जे एकाला ठाऊक होतं ते आता पाचांना ठाऊक झालं. ज्या हायरात ऑपरेटर बसलेला नाही, कंत्राटी कामगार बसलेला नाही, सफाईवाली बाई बसलेली नाही, त्यातले आकडे कितीही नेटके असोत, मी त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाही. धोका ज्याच्या हाताजवळ आहे त्याला विचारल्याशिवाय शक्यतेचा रकाना भरता येत नाही.

पण त्यालाही एक गोष्ट फसवते: काही न झालेले दिवस. ‘इतकी वर्षं करतोय, कधी काही झालं नाही’ हे वाक्य मराठीत जितक्या वेळा म्हटलं जातं तितकं दुसरं क्वचितच. यावर संख्याशास्त्रात एक सुरेख छोटा नियम आहे, तीनचा नियम. एखादी गोष्ट हजार वेळा केली आणि एकदाही अपघात झाला नाही, तर पंचाण्णव टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अपघाताची शक्यता हजारात तीनपेक्षा कमी आहे. शून्य आहे असं म्हणता येत नाही. तीन भागिले फेऱ्यांची संख्या, बस. रोज दोन फेऱ्या मारणारी बोट वर्षातले तीनशे दिवस सुखरूप चालली, म्हणजे सहाशे फेऱ्या. यातून हमी मिळते ती दोनशेत एकाहून कमीची. त्या दोनशेत एकाच्या जोखमीवर रोज प्रवास करायला आपण कुणाला सांगू का?

उजनीचा जलाशय भिगवणला रोहित पक्षी बघायला जाणाऱ्यांना ठाऊक असतो. काठच्या गावांना तो वेगळा ठाऊक आहे: समोरचा काठ डोळ्यांना दिसतो, रस्त्याने मात्र लांबचा वळसा पडतो. म्हणून बोट. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. एक जण पोहत काठाला लागला. त्याआधीच्या असंख्य शांत फेऱ्या खऱ्याच होत्या. आणि मे महिन्यात तिसऱ्या प्रहरानंतर उठणारा वळवाचा वारा त्या सरासरीत कुठे मोजला गेला नव्हता, हेही तितकंच खरं. ‘वर्षाला सरासरी किती’ हा प्रश्न अपुरा असतो. ‘मे महिन्यात, पाच वाजता, आभाळ भरून आल्यावर किती’ असं विचारलं तर तोच चौकोन हिरव्यातून लालात जातो.

तक्ता भिंतीवर स्थिर असतो, धोका नसतो. भोपाळने हे सगळ्या जगाला शिकवलं. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री विषारी रसायनाच्या टाकीला थंड ठेवणारी यंत्रणा महिनोन्‌महिने बंद होती, सुटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती आणि वायू धुऊन काढणारी यंत्रणा तयार स्थितीत नव्हती. कागदावर तिन्ही होत्या. शक्यतेचा आकडा एकेक पायरी चढत गेला आणि कागदावरचा आकडा तिथेच राहिला. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांसाठी नवं प्रकरण घातलं गेलं. आपल्या एमआयडीसीतल्या अशा कारखान्यांना ते लागू झालं.

म्हणून हायरा रजिस्टरात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शेवटच्या रकान्याची. उपाय केल्यानंतर उरलेली जोखीम तिथे लिहायची असते. ‘प्रशिक्षण दिले’ असं लिहून चारचे दोन करायला पेन पुरतं. यंत्राला जाळी बसवायला पैसे लागतात आणि दोन शिफ्ट काम बंद ठेवावं लागतं. कुठला उपाय कुठल्या दिशेला सरकवतो, हे विचारलं की खरं-खोटं वेगळं होतं. उंचावर काम करणाऱ्याच्या पान्याला दोरी बांधली तर पाना पडण्याची शक्यता कमी झाली. खालच्याला हेल्मेट दिलं तर पाना तितक्याच वेळा पडणार, फक्त डोकं फुटण्याऐवजी खोक पडेल. अमोनियाचा साठाच कमी केला तर गळतीची शक्यता तीच राहते, पण नुकसान एक पायरी खाली येतं. आणि जे काम करावंच लागू नये अशी व्यवस्था केली, तर तो धोका कोष्टकातूनच उठून जातो. त्या लष्करी मानकाच्या अलीकडच्या आवृत्तीत त्यासाठी एक वेगळं अक्षर आहे: संपवलेला धोका. पंचवीस चौकोनांच्या बाहेरचा तो एक चौकोन मला फार आवडतो.

हे सगळं गेटच्या आत. सेकंड शिफ्ट रात्री सुटते. लॉकरमध्ये हेल्मेट ठेवलं जातं, सेफ्टी शूज काढले जातात, मोटरसायकली एकामागून एक चालू होतात. ऊसतोडीचे दिवस असले तर भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संथ चालत असतात, मागे ऊस बाहेर लोंबतो, कधी लाल रिफ्लेक्टर असतो, कधी नसतो, कधी असून धुळीने झाकलेला. बैलगाड्यांना कंदीलही नसतो. प्रेसच्या दोन हातांनी दाबायच्या बटणामागे दिवसभर ज्याची बोटं सुरक्षित राहिली, तो आता साठच्या वेगाने अंधारात घराकडे निघालेला असतो. शक्यता किती, नुकसान किती? काही कारखान्यांनी हा रस्ताही आपल्या रजिस्टरात घ्यायला सुरुवात केली आहे, काही साखर कारखाने हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात. एक चिकटपट्टी, दोन हात लांब, आणि बाराशे अंशांच्या भट्टीपासून चार अंशांच्या दुधापर्यंत जे जे मोजलं गेलं त्याच्या शेजारी तिचाही एक चौकोन.